थेंब आला की तेल पुरेसं

चैत्र वद्य नवमी. आभाळ कोरडं, वारा पडलेला, पळसाची शेवटची फुलं गळून झालेली. अशा दिवशी सकाळी सव्वासातला एका जंगलात एक पत्र आलं.

मुलांनो, तुम्ही विचाराल की जंगलात पत्र कसं येईल. या जंगलात यायचं. या जंगलात टपाल होतं, कचेरी होती, कचेरीला अकरा पायऱ्या होत्या आणि एक मोटरसायकलही होती. मोटरसायकलचं पुढे येईलच. आधी पत्र.

पत्र साळू मिस्त्रीचं होतं. साळू म्हणजे साळिंदर. वयानं मध्यम, अंगानं भरलेला, पाठीवर हातभर लांब काटे. पण बारा वर्षांत ते काटे कोणावर उभे राहिलेले जंगलात कोणी पाहिले नव्हते. काटा गळून पडला की साळू तो पुसून लांब डबीत ठेवायचा. कामाला येतो म्हणायचा.

पत्र घाटापलीकडून, लेकीच्या सासरहून आलं होतं. लेकीचं नाव अणी. विहीणबाईंनी लिहिलं होतं, की इकडे सर्व क्षेम आहे, अणीला सातवा चालू आहे, पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत तुम्हांलाही ठाऊक आहे, तरी न्यायला यावं. खाली एक ओळ जास्तीची होती. अक्षय्य तृतीयेला आठवा लागतो, आठव्यात आमच्याकडे पोर हलवत नाहीत, त्याआधी आलात तर तुमची, नाहीतर बाळंतपण इथंच.

साळिंदरांचे महिने माणसांच्या महिन्यांपेक्षा आखूड असतात, मुलांनो. रीत मात्र तीच.

कोपऱ्यात, विहीणबाईंच्या अक्षरापेक्षा बारीक अक्षरात, आणखी दोन शब्द होते. ‘बाबा, या.’

साळूची बायको सकवार हिनं तेवढे दोन शब्द त्याला चार वेळा वाचायला लावले. मग ती उठली आणि कोपऱ्यातली बाळंतिणीची बाज उन्हात टाकायला लागली. जायचं की नाही हा प्रश्नच नव्हता. प्रश्न होता कसं जायचं. घाट पायी चढायला-उतरायला चार दिवस लागायचे. साळू गेला असता. पण सातव्यातली पोर चार दिवस घाट चालत येणार कशी?

म्हणून आता मोटरसायकल.

ती कोणी एक वाटसरू घाटात सोडून गेला होता. सिंहमहाराज तिच्यावर एकदाच बसले. शेपूट चेनमध्ये गेली. त्याच दिवशी महाराजांनी गाडी प्रजेला अर्पण केली आणि ती सांभाळायचं काम साळूकडे आलं, कारण नट खोलायला लागणारा धीर दुसऱ्या कोणाकडे नव्हता.

साळूला कोणी शिकवलं नव्हतं. तो खोलायचा, बघायचा, परत लावायचा आणि वहीत लिहायचा. वहीचं पहिलं पान असं होतं: ‘नट उजवीकडे फिरवला. सुटला नाही. डावीकडे फिरवला. सुटला. उद्यापासून आधी डावीकडे.’ अशा सात वह्या भरल्या होत्या. गाडी जंगलाचं टपाल, मीठ आणि औषधं घाटापलीकडून आणत होती. स्वतःच्या कामाला मात्र साळूनं ती बारा वर्षांत एकदाही नेली नव्हती.

तिसऱ्या वहीत तेलाचा शोध होता. त्या वर्षी गाडी गिअर बदलताना कुंथायला लागली होती. साळूला वाटायचं, इंजिनात तेल घातलं म्हणजे झालं. मग त्याला कळलं की जुन्या गाडीत इंजिनाचं तेल वेगळं असतं आणि गिअरबॉक्सचं वेगळं. गिअरबॉक्सला तीन भोकं. वरचं तेल घालायला, खालचं काढायला, आणि डाव्या अंगाला एक बारीक स्क्रू. हा स्क्रू कशासाठी, हे शोधायला त्याला नऊ दिवस लागले. दहाव्या दिवशी त्यानं लिहिलं:

‘गाडी पाच मिनिटं चालवून घ्यावी. सपाट जागी, मधल्या स्टँडवर सरळ उभी करावी. दोन मिनिटं थांबावं. बाजूचा स्क्रू काढावा. थेंब आला की तेल पुरेसं. नाही आला तर वरून हळूहळू घालावं, थेंब येईपर्यंत. मग थांबावं. जास्त घालू नये. स्क्रूखालचा वायसर विसरू नये.’

त्यानंतर गाडी कुंथली नाही.

पुढे जंगलात तपासणी खातं निघालं. शेजारच्या जंगलातून आलेला एक मोर म्हणाला होता, की तुमच्याकडे काही तपासलंच जात नाही. महाराजांना ते लागलं. बगळे तपासनीस नेमले गेले, त्यांच्यावर गवेसाहेब आले. बगळे म्हणजे बगळा, पांढरा स्वच्छ, एका पायावर उभा. गवेसाहेब म्हणजे रानगवा, त्यांच्या कपाळावर दोन बगळे बसले असते.

खात्याला तपासण्यासाठी काहीतरी हवं होतं, आणि गाडी एकच होती. बगळ्यांनी साळूला बोलावून तेलाचा नियम विचारला. साळूनं वही उघडून दिली. फॉर्मवर नियमाला एकच ओळ होती. बगळ्यांनी चोच पानावरून खालीवर फिरवली आणि बसेल तेवढं उतरवून घेतलं. दुसऱ्या दिवशी कचेरीच्या भिंतीवर पाटी लागली:

‘थेंब आला की तेल पुरेसं.’

साळू ती पाटी बघायला सकवारला घेऊन गेला होता. स्वतःचं वाक्य भिंतीवर, तेही रंगात. सकवारनं पाटी वाचली आणि म्हणाली, “अहो, पण यात गाडी सरळ उभी करायचं कुठंय?”

“ते काय लिहायचं,” साळू म्हणाला. “ते सगळ्यांना कळतंच.”

मुलांनो, हे वाक्य लक्षात ठेवा. गोष्टीत एवढी एकच चूक साळूची आहे. बाकीच्या चुका नियमानुसार झाल्या.

तर नवमीला साळूनं कचेरीत अर्ज दिला. एक दिवसासाठी गाडी मिळावी, कारण लेकीला बाळंतपणाला आणायचं आहे. गवेसाहेबांनी अर्जाला हरकत घेतली नाही. ते म्हणाले की मिस्त्री, बारा वर्षांत तुम्ही काही मागितलं नाही, गाडी तुमचीच समजा. फक्त हद्दीबाहेर जाणाऱ्या वाहनाचा तेलाचा दाखला लागतो. दाखला आणा, मी परवान्यावर खूर उमटवतो.

दशमीला तपासणी ठरली. साळूनं गाडी पाच मिनिटं चालवली, कचेरीच्या अंगणातल्या सपाट दगडावर मधल्या स्टँडवर उभी केली, दोन मिनिटं थांबला आणि स्क्रू काढला. थेंब आला नाही. त्यानं डबीतून काटा काढला, पुसला, वरच्या भोकातून तळापर्यंत सोडून पाहिला. काटा चार बोटं भिजला होता. तो म्हणाला, दोन चमचे कमी आहे, जुन्या गाडीला एवढा घाम येतोच, भांडारातून दोन चमचे आणतो.

बगळ्यांना ते पटेना. तेल घालायचं म्हणजे तेल नव्हतं असं होतं. तेल नव्हतं म्हणजे गाडी नापास. आणि त्यांच्या कारकिर्दीत एकही गाडी नापास झालेली नव्हती. गाडी सरळच उभी करावी असं पाटीवर कुठं आहे, ते दाखवा, असं ते म्हणाले.

साळूनं पाटीकडे पाहिलं. पाटीवर तसं कुठं नव्हतं.

बगळ्यांनी गाडी मधल्या स्टँडवरून उतरवून बाजूच्या स्टँडवर घेतली. गाडी डावीकडे कलली. ते स्वतः जन्मभर एका पायावर उभे राहिलेले, त्यांना त्यात वावगं काही दिसलं नाही. भोकातून थेंब आला. थेंबामागून धार आली. साळूनं भोकावर बोट ठेवलं, तेव्हा बगळ्यांनी ते चोचीनं बाजूला केलं. नमुना पुराव्याचा असतो, तो अर्धा घेता येत नाही. धार थांबेपर्यंत त्यांनी बाटली धरली, लाखेचं सील केलं, वर चिठ्ठी लावली: ‘पुरेसं.’

साळू तसाच भांडारात गेला. तेलाचे डबे भांडारात असत आणि भांडार मुंगशांकडे असे. मुंगसे म्हणजे मुंगूस. माणूस चांगला. म्हणजे मुंगूस चांगला. साळूला तो तात्या म्हणायचा.

“तात्या, तुम्हांला नाही म्हणायला मला बरं वाटतं का,” मुंगसे म्हणाला. “पण तेल द्यायला ‘कमी आहे’ असा दाखला लागतो. तुमच्या हातात ‘पुरेसं’ असा आहे.”

“तेल या दाखल्यापायीच कमी झालं.”

“असेल. पण दाखल्यात तसं लिहिलेलं नाही.”

एवढं करून साळू परवान्यासाठी गेला, तर गवेसाहेब डबक्यात बसायला गेलेले. ते दुसऱ्या दिवशी आले. पण दाखल्याची मुदत त्या दिवशीच्या सूर्यास्तापर्यंतच होती. तेल काय आज आहे, उद्या नाही, असं बगळे म्हणाले. त्यात मात्र त्यांची चूक नव्हती.

एकादशीला पुन्हा तपासणी झाली. बाजूच्या स्टँडवर आता थेंब येईना. बगळ्यांनी गाडीला खांदा लावून आणखी कलवली. आला. बाटली, लाख, चिठ्ठी. ‘पुरेसं.’ या वेळी गवेसाहेब जागेवर होते, पण त्यांनी दाखला चाळून विचारलं, की हा थेंब मी पाहिलाय का. पाहिला नव्हता. न पाहिलेल्या थेंबावर खूर कसा उमटवणार?

द्वादशीला गवेसाहेबांनी स्वतः थेंब पाहिला. त्यासाठी त्यांनी गाडी एका शिंगानं धरली होती. पण परवान्याच्या फॉर्मवर बाटलीचा क्रमांक लिहायला जागा नव्हती, तो नवा छापावा लागला. त्रयोदशीला फॉर्म छापून आले, तोवर द्वादशीचा दाखला मावळला होता. त्रयोदशीचा दाखला झाला, तर खुराची शाई वाळलेली. चतुर्दशीला शाई ओली होती, पण त्या दिवशी महाराजांच्या शेपटीचा वाढदिवस म्हणून कचेरी दुपारी बंद झाली. दाखला तेवढा सकाळी उरकला होता.

साळू रोज काटा सोडून पाही आणि रोज वहीत लिही. दशमी, तपासणीनंतर, तीन बोटं. एकादशी, अडीच. द्वादशी, दोन. त्रयोदशी, एक. चतुर्दशी, काट्याचं नुसतं टोक ओलं. समोरच्या रकान्यात दाखल्याची नक्कल असे. पुरेसं. पुरेसं. पुरेसं. पुरेसं. पुरेसं.

वैतागून त्यानं मध्ये एकदा ‘तेल कमी आहे’ असाही अर्ज दिला होता. बगळ्यांनी तो लगेच घेतला. म्हणाले, कमी असल्याचा दाखला हवा ना, देऊ की, तपासू आणि थेंब आला नाही तर देऊ. आणि बाटली घेऊन गाडीपाशी आले. साळूनं अर्ज परत घेतला.

अमावास्येला कचेरी बंद. साळू घरी बसून होता. सकवारनं बाजेला नवी दोरी भरली होती. डिंक, खारीक, खसखस यांची गाडगी ओळीनं मांडून ठेवली होती. मग तिनं मागच्या सीटवर बांधायची फणसाची फळी पुसून दारात आणून ठेवली. साळिंदर साळिंदराच्या मागे बसतं, तेव्हा मध्ये फळी लागते, मुलांनो. का ते तुमचं तुम्ही समजून घ्या.

साळूनं सातवी वही काढली आणि एक ओळ लिहिली. ‘गाडी सरळ उभी करून थेंब आला की तेल पुरेसं.’ मग त्यानं शब्द मोजले. मग कचेरीच्या फॉर्मची पट्टी आठवून, बोटांनी मापून पाहिलं. ओळ बसत होती.

‘तेव्हाच मापायला हवं होतं,’ असं त्यानं खाली लिहिलं आणि वही मिटली.

वैशाख शुद्ध प्रतिपदेला सहावी तपासणी झाली. कितीही कलवली तरी थेंब येईना. शेवटी गवेसाहेबांनी गाडी उचलून जमिनीवर आडवी केली. टाकीच्या झाकणातून थोडं पेट्रोल सांडलं, पण पेट्रोल दुसऱ्या खात्याकडे होतं, त्यामुळे कोणी तिकडे पाहिलं नाही. गवेसाहेबांनी गाडी दोनदा हलवली. बगळे मान वाकडी करून भोकापाशी बसले होते. बराच वेळ गेला. मग एक थेंब आला. काळा, जाड, एकटा. अंगणात जमलेल्यांनी टाळ्या वाजवल्या. बगळ्यांचे डोळे भरून आले.

दाखला झाला. शाई ओली होती. फॉर्म नवा होता. परवान्यावर खूर उमटला: द्वितीयेला, सूर्योदय ते सूर्यास्त, घाटापलीकडे जाऊन येण्यास हरकत नाही. साळूनं परवाना हातात घेतला आणि वरच्या भोकातून काटा सोडला. काटा कोरडा आला.

हे तुम्हांला नीट कळायला हवं. साळूकडे आता जायची परवानगी होती आणि गाडीत गिअरबॉक्सचं तेल नव्हतं. तशीच नेली, तर पहिल्या चढालाच आतले दाते तापून एकमेकांना धरतील आणि गाडी घाटात उभी राहील. नाही नेली, तर परवा तृतीया. मुंगशांकडे तो पुन्हा गेला. मुंगशांनी सहाव्या दाखल्याकडे पाहून नुसती मान हलवली. “तात्या, सहा सहा वेळा पुरेसं,” तो म्हणाला. “एवढं तर मी कोणाच्याच गाडीत पाहिलं नाही.”

द्वितीयेला सकाळी आठला साळू कचेरीच्या पायऱ्या चढला. तो गाडीची परवानगी परत करायला आला होता. परवाना टेबलावर ठेवायला त्यानं हात पुढे केला, आणि त्याला बगळ्यांच्या डोक्यावरचं फडताळ दिसलं.

फडताळात सहा बाटल्या होत्या. पहिली जवळजवळ भरलेली, पुढच्या उतरत्या, शेवटच्या बाटलीच्या तळाला एक काळा ठिपका. साळूनं डोळ्यांनीच बेरीज केली. एकदा डावीकडून केली, एकदा उजवीकडून. उत्तर एकच आलं. गाडीचं तेल कुठंही गेलं नव्हतं. ते कचेरीत होतं.

त्यानं परवाना परत खिशात घातला.

मागून तेल मिळणार नाही, एवढं त्याला आठ दिवसांत कळलं होतं. म्हणून त्यानं टेबलावरचाच एक कागद घेतला आणि अर्ज लिहिला. विषय, नमुन्यांची खातरजमा. मजकूर असा: फडताळात सहा नमुने आहेत. ते याच गाडीचे आहेत असं चिठ्ठ्यांवरून दिसतं. परंतु चिठ्ठ्या बाटलीला आहेत, तेलाला नाहीत. तरी नमुने तपासले जावेत.

बगळ्यांनी अर्ज वाचला आणि दुसरा पायही जमिनीवर टेकला. हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. त्यांनी तो गवेसाहेबांकडे नेला. गवेसाहेबांनी रवंथ थांबवला. नमुने दुसऱ्या गाडीचे निघाले, तर सहाही दाखले खोटे पडत होते. जंगलात दुसरी गाडी नाही, हे कोणाच्या तरी ध्यानात आलं, पण ते बोलून दाखवायला अर्जात जागा नव्हती.

“मिस्त्री, तेल कोणाचं हे ओळखायचं कसं?” गवेसाहेबांनी विचारलं.

साळूला खोटं बोलायची सवय नव्हती, म्हणून तो शब्द निवडत होता. “साहेब, मूळ जागी घालून पाहावं,” तो म्हणाला. “मावलं तर आपलं.”

अंगणात पंचनामा सुरू झाला. पंच म्हणून मुंगशांना बोलावलं. साळूनं गाडी पाच मिनिटं चालवायची म्हटलं तर चालवता येईना, म्हणून तेवढं राहिलं. बाकी सगळं त्यानं वहीप्रमाणे केलं. सपाट दगड, मधला स्टँड, गाडी सरळ. बाजूचा स्क्रू काढून फडक्यावर ठेवला, वायसर त्याच्याशेजारी. वरच्या भोकात नरसाळं, नरसाळ्यावर कापड.

पहिली बाटली मावली. मुंगशांनी सही केली. दुसरी मावली. बाटलीच्या काचेला चिकटलेलं तेल साळू काट्यानं निपटून घेत होता, तेव्हा बगळे म्हणाले की मिस्त्री फार बारकाईनं काम करतात. तिसरी मावली, चौथी मावली, पाचवी मावली. सहाव्या बाटलीतला थेंब उतरायला सर्वांत जास्त वेळ लागला. तोही मावला.

सहाही नमुने याच गाडीचे, असा निष्कर्ष निघाला. गवेसाहेबांना हायसं वाटलं. साळूनं काटा सोडून पाहिला. चार बोटं.

पण बगळे बाजूच्या भोकाकडे बघत होते. भोक कोरडं होतं. दोन चमचे कमी होते, मुलांनो, जसे पहिल्या दिवशी होते तसे.

“थेंब आला नाही,” बगळे म्हणाले.

गवेसाहेबांनी वाकून पाहिलं. नव्हता आला. काल आला होता आणि आज नव्हता. सहा वेळा पास झालेली गाडी पंचांसमक्ष नापास होत होती. बगळ्यांनी नवी बाटली मागवली. मग सवयीनं खांदा गाडीला लावला. गवेसाहेबांनी दुसऱ्या बाजूनं शिंग पुढे केलं. गाडी मधल्या स्टँडवर किंचित हलली, आणि भोकाच्या कडेला आत काहीतरी चकाकलं.

त्या क्षणी साळूचे काटे उभे राहिले.

वाळल्या शेंगांचा झुबका हलवावा ना, तसा आधी खर्रर्र आवाज झाला. मग पाठ, मान, शेपूट सगळं ताठ झालं. साळू होता त्याच्या दुप्पट झाला. तो कोणाच्या अंगावर गेला नाही. तो फक्त मागे वळून गाडीला लागून उभा राहिला. गवेसाहेब चार पावलं मागे सरले. बगळे उडून पाटीवर जाऊन बसले. मुंगसे आधीच पायऱ्यांवर होता.

साळूचा आवाज मात्र नेहमीसारखाच आला. “साहेब, गाडी सरळ उभी आहे. तिला सरळच राहू द्या.”

मग तो वाकला. स्क्रू उचलला, वायसर उचलला, वायसर आधी घातला, स्क्रू हातानं पिळला, पान्यानं पाव फेरा घट्ट केला. फळी बांधली. किक मारली. तिसऱ्या किकला गाडी सुरू झाली. पहिला गिअर पडताना आवाज आला नाही.

बगळ्यांनी पाटीवरूनच विचारलं की नापास गाडी कुठं नेता. गाडी फाटकाबाहेर गेली होती.

साळूची त्या दिवसाची नोंद पुढीलप्रमाणे आहे.

‘वैशाख शुद्ध द्वितीया. आभाळ कोरडं, दुपारी वारा. निघालो नऊ पन्नासला. तेल दोन चमचे कमी, म्हणून घाट सावकाश. पोचलो बारा चाळीसला. विहीणबाईंनी पन्हं दिलं. अणीची पिशवी आधीच बांधलेली होती. निघालो दीडला. फळी ठीक बसली. वाटेत चार वेळा थांबलो, गाडीसाठी नाही. घरी पोचलो पाच वीसला. सूर्यास्त सहा बावन्नला.’

कचेरीची नोंद अशी आहे. वाहन: नापास. नमुने: गहाळ. मिस्त्री: कमी केले.

ज्येष्ठ शुद्ध पंचमीला सकाळी सव्वानऊला अणीला दोन पिल्लं झाली. दोन्ही मऊ काट्यांची. तिघंही बरी आहेत.

गाडी कचेरीच्या अंगणात बाजूच्या स्टँडवर उभी आहे. आजपर्यंत तिच्या एकेचाळीस तपासण्या झाल्या. एकेचाळीस वेळा थेंब आला. थेंब संपत आले की नमुन्यांची खातरजमा होते. फडताळाला आणखी एक फळी ठोकावी लागली. टपाल तेवढं अजून साळूच नेतो, पायी. जायला चार दिवस लागतात, यायला चार.

तात्पर्य: मुलांनो, गाडी कधीही सरळ उभी करू नये. सरळ उभ्या गाडीत किती तेल आहे ते दिसतं, आणि दिसलं की ती नापास होते. नापास गाडीचा काही भरवसा नसतो. ती घाट चढून जाते आणि वेळेत परत येते.